घोडीचा पाय, मामाजींचा मान

माझं लग्न एका कप चहात ठरलं. चहा थंड व्हायच्या आत मुलगी पसंत, जागा पक्की आणि बशीत उरलेला चिवडा सासऱ्यांच्या खिशात. घोडीसाठी नालबंद ठरवायला मात्र मला अख्खा उन्हाळा लागला. आणि उन्हाळा तरी कसा? पुलगावच्या डांबरी रस्त्यावर पापड ठेवला तर भाजून निघत होता आणि उचलायला उशीर झाला तर करपत होता. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. ती म्हणेल, यांचं काही ऐकू नका. ती प्रत्येकच गोष्टीला तसं म्हणते.

पुलगावात मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. घोडी हा माझा धंदा नव्हे, वारसा आहे. माझा बाप स्टेशनवर टांगा हाकायचा. ऑटो आले, टांगा गेला, बाप गेला, आणि टांग्याच्या घोडीची लेक माझ्याकडे राहिली. बदामी रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभाव असा की मी घरात भांडून आलो की ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहायची. लग्नसराईत वरातीला, जयंतीच्या मिरवणुकीला आणि कोणी निवडून आलं तर गुलालाला, एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर ती खायची आणि मी बघायचो.

आता माझ्या घराला दोन खोल्या. त्यांत आम्ही नवराबायको, मुलगी आणि लोकांच्या बावीसेक शेगड्या. घोडी ठेवायची कुठे? तर नाचणगावला, माझ्या बायकोच्या मामांच्या गोठ्यात. हे मामाजी म्हणजे आमच्या सासुरवाडीचं सर्वोच्च न्यायालय. आमचं लग्न जमवलं त्यांनी, माझ्या मेव्हण्याची नोकरी त्यांनी, सासूबाईंचा गुडघा कोणत्या डॉक्टरला दाखवायचा तेही त्यांनीच ठरवलं. आणि धंद्याने मामाजी होते नालबंद. देवळीच्या, आष्टीच्या, जिथे भरेल तिथल्या बाजारात जन्मभर त्यांनी बैलांना नाला मारल्या. जिल्ह्यातला एकही बैल त्यांच्या हातून सुटला नसेल. काही बैल तर त्यांना लांबून बघूनच आपणहून आडवे होत.

तेव्हा घोडीला नाल कोण मारणार, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. गोठा मामाजींचा, हातोडी मामाजींची, आणि जवाई मामाजींचा. वर ते माझ्याकडून एक पैसा घ्यायचे नाहीत.

"जवायाकडून पैसे घेऊ? बाप्पा! नरकात जाईन ना मी."

इथेच मी अडकलो. पैसे घेणाऱ्या माणसाला उद्यापासून येऊ नका म्हणता येतं. फुकट करणाऱ्याला काय म्हणणार?

मामाजींची पद्धत बैलाची. चारी पायांना दोर, एक हिसका, धप्प! घोडी जमिनीवर आडवी, दोन भाचे तिच्या मानेवर, आणि मामाजी ठोकाठोकीला मोकळे. बैलाला हे चालतं. त्याच्या खुराला दोन फाकळ्या असतात, दोन्हींना पातळ चपट्या पट्ट्या ठोकल्या की तो उठतो, शेपूट झाडतो आणि गाडीला लागतो. घोडीचा खूर अखंड. ती उभी असताना वजन कसं पेलते, पाय कुठे टेकते, ते बघून नाल बसवावी लागते. आडव्या पडलेल्या माणसाला बूट घालून बघा, तो चावतो की नाही हे त्याला तरी कळेल का? त्यात मामाजी नाला आणत पोतडीने, सगळ्या एकाच मापाच्या. नाल लहान पडली की कानस घ्यायची आणि खूरच नालेएवढा करायचा. म्हणजे चप्पल होत नाही म्हणून टाच तासायची.

हे सगळं शहाणपण मला नंतर आलं. आधी आली ती लंगड. उजवा पुढचा पाय टेकला की घोडी डोकं वर उचलायची. पाय टेकला, डोकं वर. पाय टेकला, डोकं वर. आणि पुढे डीजे वाजत होता. वरातीतल्या लोकांना वाटलं, घोडी नाचते! एकाने व्हिडिओ काढला, तो गावोगाव फिरला, आणि देवळीपासून हिंगणघाटपर्यंत लोक मला फोन करू लागले, "ते नाचनारी घोडी तुमचीच का भाऊ?" जगात दुखण्याला एवढी वाहवा कोणाच्या वाट्याला आली नसेल. मी लगाम धरून तिच्या बाजूने चालायचो. लोक शिट्ट्या मारायचे आणि ती माझ्याकडे बघायची.

त्या उन्हाळ्यात ती उभी असतानाही उजवा पाय पुढे टाकून ठेवायला लागली. सगळा भार डाव्यावर. डावाही किती दिवस निभावणार? ज्या दिवशी तोही जाईल, त्या दिवशी घोडी उठणारच नाही. आणि न उठणाऱ्या घोडीला घ्यायला कोण येतं, हे आमच्या भागात कोणी मोठ्याने बोलत नाही.

बायकोला म्हटलं, "मामाजीले सांगून टाक, आता आपन दुसरा नालबंद पाहू."

"मी सांगू? मले खांद्यावर बसवून बैलायचा पोया दाखवला त्यायनं! तुमीच सांगा."

"मी तर जवाई."

"तोंड नाई का मंग जवायाले?"

तोंड होतं. पण ते खोटं बोलण्यात तरबेज, खरं बोलण्याचा त्याला सराव नव्हता. मामाजी हातोडी घेऊन उभे राहिले की मी सुरू करायचो.

"मामाजी, आज शनिवार. लोखंड कसं लावता?"

"मंग उद्या लावू."

"उद्या अमावास्या."

"मंग परवा."

"परवा... घोडीले जुलाब लागले मामाजी."

मामाजींनी माझ्याकडे, मग घोडीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "जुलाब काय खुरातून होऊन राह्यले का, जवाईबापू?"

आणि एका दुपारी मी शेगडी दुरुस्त करायला वर्ध्याला गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी घोडी पाडली, नाला मारल्या, वर खुरांना तेल लावून चकाचक केले. मी आलो तर म्हणाले, "काम करून टाकलं. तुमच्या शनवार-अमावास्येच्या मांगं लागलो असतो तर दिवाळी आली असती." घोडीने पाय टेकलाच नाही. नुसतं नख टेकवून उभी होती.

त्या दिवशी मी ठरवलं. चोरून करायचं, पण करायचं.

आता चांगला नालबंद ओळखायचा कसा? विचारायला गेलं तर प्रत्येक जण आपल्याच भावाचं नाव सांगतो. तेव्हा मी माणसांना विचारायचं सोडून घोड्यांचे पाय बघायला लागलो. वर्ध्याच्या मोठ्या लग्नांत तीन-तीन, चार-चार घोड्या येतात. लोक जेवायला बसले की मी घोड्यांच्या पायाशी बसायचो. एकदा तर नवरीकडच्यांनी मला चोर समजून धरलं आणि नवरदेवाकडच्यांनी पाहुणा समजून सोडवलं. खूप पाय बघितले. कोणाच्या खुरांना भेगा, कोणाच्या खिळ्यांची डोकी वर-खाली, कोणी सारखा पाय बदलतो. आणि मग एक पांढरा घोडा दिसला. डीजेच्या भिंतीपासून चार हातांवर उभा होता, पुढचे दोन्ही पाय सारखे टेकलेले, आणि लेकाचा चक्क झोपला होता! नाल टाचेच्या किंचित मागेपर्यंत आलेली, टाचेला पूर्ण आधार. मी त्याच्या पायांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

मालक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. विचारलं, नाल कोणाची?

"सिंदी रेल्वे गावचा एक हाय. हात चांगला हाय, तोंड लय खराब."

तोंडाचं काय करायचंय, म्हटलं, घोडीला थोडंच समजणार आहे.

फोन लावला. घोडीची सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली तर पलीकडून आवाज आला, "तू नको सांगू. तुले काय समजते? चालतानाचा व्हिडिओ टाक. एक मांगून, एक पुढून, सपाट जागेवर. अन् तू मधात नको येऊ. अन् अगुदर काढलेली नाल पाठव, तिचा फोटो."

व्हिडिओ काढायला मी गोठ्यात घोडीच्या मागे ओणवा झालो आणि मामाजी आले.

"काय करून राह्यले?"

"रील बनवतो मामाजी."

"घोडीच्या ढुंगनाचं?"

"आजकाल तेच चालते."

मामाजींनी कपाळावर हात मारला आणि गेले. पण नाल? जुन्या नाला मामाजी गावात वाटून टाकत. काळ्या घोड्याची नाल दाराला लावली की शनी आत येत नाही म्हणतात. आमची घोडी बदामी होती, पण मामाजी म्हणत, सांज झाली की काळीच दिसते. निम्म्या नाचणगावच्या चौकटींवर माझ्या घोडीच्या नाला होत्या. मी एका घरासमोर जाऊन मान वर करून उभा राहिलो. नाल एका अंगाने एवढी झिजली होती की दुसऱ्या अंगाच्या निम्मीही उरली नव्हती. फोटो काढला. घरातली म्हातारी हात जोडून म्हणाली, "चांगली हाय ना हो? तवापासून पोराले नोकरी लागली." मी म्हटलं, लय चांगली आहे. दुसरं काय म्हणणार?

सिंदीवाल्याचा निरोप आला. "आन. मी येत नाई कोनाकडं. अन् नाल मारीनच असं नाई. पाय पाहीन, मंग सांगीन." मला ते फार आवडलं. काहीच कबूल न करणारा असा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

घोडी गोठ्यातून बाहेर काढायला कारण हवं होतं. सोपं होतं. मामाजींना सांगितलं, सिंदी रेल्वेला वरातीची सुपारी आहे. ओळखीच्या ड्रायव्हरची छोटा हत्ती, म्हणजे मालाची छोटी गाडी, ठरवली, दुपारी मागे गवत टाकून घोडी चढवली, आणि मी पुढे बसणार तोच घराच्या दारातून मामाजी निघाले. पांढरंशुभ्र धोतर, कडक शर्ट, गुलाबी फेटा, आणि अत्तर असं की ड्रायव्हरला शिंक आली.

"चला," मामाजी म्हणाले.

"कोठं मामाजी?"

"सिंदीले. लगन हाय ना? तथी आलूवांग्याची भाजी मोठी नामी करते. सरका."

मी सरकलो. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला दारापाशी मामाजी, आणि मधे मी, दोन गुडघ्यांमधे गिअरचा दांडा धरून. ड्रायव्हरने गिअर टाकला की माझा गुडघा मामाजींच्या मांडीवर जायचा. असा मी देवळी, वर्धा, सेलू करत सिंदीपर्यंत गेलो. तुरुंगात निदान पाय लांब करता येत असतील.

"नवरदेव कोनाचा?" मामाजींनी देवळीच्या आधीच विचारलं.

"पाटलाचा."

"कोन्या पाटलाचा?"

"मोठ्या."

"मोठ्या म्हंजे? तथी माह्या वयखीचे तीन पाटील हाय."

"हा चवथा."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरं ठाऊक होतं. त्याला एवढा आनंद झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. वर्ध्यात सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, नवरी कोठची हाय ते बी इचारा ना."

नवरी मी हिंगण्याची केली. तिचे वडील रेल्वेत, भाऊ तलाठी, आणि मामाजींना फारच कुतूहल दिसलं म्हणून एक आत्या अमेरिकेत धाडली. प्रत्येक उत्तरासरशी माझ्या दारावर मी स्वतःच एकेक कडी लावत होतो. सेलूला चहाला थांबलो तेव्हा बोलायची संधी होती. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मामाजी, बिस्कुट?" मागे गाडीत घोडी तीन पायांवर तोल सांभाळत उभी होती. वळण आलं की खूर फळीवर घसरल्याचा आवाज यायचा.

सिंदीत नालबंदाचं शेड कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून, असं त्याने सांगितलं होतं. माझा बेत असा की आपण पत्ता विचारायच्या निमित्ताने आधी उतरायचं आणि त्याला डोळा घालायचा. पण मी मधे. मामाजी उतरल्याशिवाय मला उतरताच येईना. आणि गाडी थांबली तर समोर काय? शेडच्या बरोबर समोर मांडव! झालर, डीजे, गुलाबाच्या पाण्याचे फवारे, आणि बाशिंग बांधून घामाघूम झालेला खराखुरा नवरदेव.

मामाजी फेटा सावरत उतरले. "लगन इथंच ना?"

"इथंच."

"घोडी आनली."

नवरदेवाचा बाप धावत आला आणि त्याने मामाजींना अशी मिठी मारली की अत्तर अर्ध्या गावाला पोचलं. त्यांनी ठरवलेली घोडी बुटीबोरीला गाडीसकट बंद पडली होती, मुहूर्त टळायला आला होता, आणि देवाने आम्हाला धाडलं होतं. मी केबिनमधून एक पाय बाहेर काढून तसाच लटकत राहिलो. जन्मभर मी एवढ्या थापा मारल्या, पण एकही थाप अशी उठून माझ्यासमोर बाशिंग बांधून उभी राहिली नव्हती.

"अबे, हे तर ते नाचनारी घोडी!" कोणीतरी ओरडलं. झालं. पोरांनी फळी लावली, जरीची झूल आली, डीजेवाल्याने आवाज वाढवला. घोडी फळीवरून उतरली, उजवा पाय सिमेंटच्या रस्त्यावर टेकला, आणि डोकं वर गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेव अंगाने माझ्या दोन शेगड्या आणि सिलेंडर एवढा होता. त्याला चढवायला चौघे जण सरसावले.

मी लगाम धरला. "थांबा."

"काय झालं?" नवरदेवाचा बाप.

"घोडी लंगडते."

"कोन म्हनते?" मामाजी वळले.

"मी म्हनतो."

"डोकं फिरलं का, जवाईबापू? मी स्वता नाल मारली तिले!"

आणि नेमकं त्याच क्षणी डीजेवाल्याने गाणं बदलायला आवाज बंद केला. सगळ्या सिंदी रेल्वेत शांतता. त्या शांततेत माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"तुमी मारली म्हनूनच लंगडते, मामाजी."

मामाजींच्या फेट्याचं टोकसुद्धा हललं नाही. मला वाटलं, आता धरणी दुभंगेल. दुभंगली असती तर मी आधी उडी मारली असती.

तेवढ्यात शेडमधून बनियानवर एक आडदांड माणूस आला, खर्ऱ्याची पिचकारी टाकली आणि नवरदेवाला कोपराने बाजूला करत म्हणाला, "हेच का ते घोडी? सपाट जागेवर आना. अन् हे गाने लावनाऱ्याले सांगा, अजून दम धर." हा माझा नालबंद. मुहूर्त बघायला त्याला सवड नव्हती.

"मंग आमी काय करावं?" नवरदेवाचा बाप रडकुंडीला आला.

वाट आमच्या ड्रायव्हरने काढली. छोटा हत्तीवर शेवंतीच्या माळा चढल्या, घोडी जिथे उभी होती तिथे नवरदेव उभा राहिला, आणि वरात निघाली. गाडीत गवत होतं, पण कोणी बोललं नाही. मजेची गोष्ट एवढीच, की आमची परतीची गाडीही त्या वरातीत गेली. आता ती येईपर्यंत त्या पत्र्याच्या शेडखाली मी, मामाजी, घोडी आणि तो तोंडाळ नालबंद. पळून जायला रस्ताच नाही.

नालबंदाने घोडी आधी चालवली. जाताना पाहिली, येताना पाहिली, वळताना पाहिली. मग हात मानेवरून, खांद्यावरून, पायावरून खाली आणला, आणि खूर उचलून स्वतःच्या दोन गुडघ्यांत धरला. दोर नाही, भाचे नाहीत. घोडीने मान खाली सोडली. मामाजी एका डब्यावर पाठ करून बसले होते, पण मान तेवढी तिरकी होती.

"कोन्या कसायानं मारली हे नाल?" नालबंद म्हणाला.

मी आकाशाकडे पाहिलं. पत्राच होता.

"म्या," डब्यावरून आवाज आला.

नालबंदाने मान वर केली. मग म्हणाला, "बैलाचे करता का?"

"जन्म गेला."

"मंग घोडीच्या नादी काऊन लागले?" आणि तो कामाला लागला. आधी प्रत्येक खिळ्याचं वाकवलेलं टोक सरळ केलं, मग एकेक खिळा वेगळा काढला. बाहेरच्या बाजूचा शेवटचा खिळा निघाला आणि त्या भोकातून काळं पाणी आलं. वास सुटला. घोडीचा पाय थरथरला. खिळा जिवंत मांसाला लागून गेला होता आणि आतली जागा सडत होती. नालबंदाने आकडीसारख्या चाकूने जागा मोकळी केली, कोमट मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात पाय ठेवला, आणि घोडीने एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेडमधल्या कोंबड्या उडाल्या.

मामाजी केव्हा उठून जवळ आले होते कळलं नाही. त्यांनी तो खिळा उचलला, बोटांत फिरवला.

"हा वाकडाच आला असन कंपनीतून," ते म्हणाले. नालबंद पायावर पाणी ओतत राहिला. मग खिळ्याकडेच बघत, "खाले पडली असली की समजत नाई ना कोठं गेला तं." ते माझ्याशी बोलत होते की घोडीशी, मला आजही सांगता येणार नाही. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. खरं बोलून जिंकलो होतो, आणि जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

नालबंदाने हुकूम सोडले. पावसाळा संपेपर्यंत पायात नाल नाही. वरात नाही, डीजे नाही, सिमेंट तर नाहीच. रोज मिठाचं पाणी, मऊ शेतात चालवणं, आणि खूर वाढला की पुन्हा त्याच्याकडे. "तेव्हा बी नाल मारीनच असं नाई," हेही सांगून ठेवलं. मांडवातून आमच्यासाठी पत्रावळी आल्या. आलूवांग्याची भाजी खरंच नामी होती, पण मामाजींनी बोटानेही चाखली नाही.

परतीच्या वाटेवर ते पुढे बसलेच नाहीत. मागे घोडीपाशी, गवतावर, गुलाबी फेट्यासकट बसले. मी पुढे एकटा, पाय लांब करून. ते लांब केलेले पाय मला घरापर्यंत टोचत राहिले.

पुढचे कितीतरी दिवस सासुरवाडीत मला चहा बशीशिवाय मिळाला. बायको माझ्याशी आणि मामाजींशी वेगवेगळ्या खोल्यांत बोलायची. मी नाचणगावला जायचो तर मामाजी नसायचे. पण मिठाच्या पाण्याचं घमेलं नेहमी ताजं, कोमट, आणि घोडीच्या पायाखाली वाळू चाळून पसरलेली. वाळूची चाळणी त्यांच्याच ओसरीवर टांगलेली असायची.

पावसाळा सरताना सिंदीवाल्याने नाला बसवल्या, घोडी उभी ठेवून. ती शेडमधून निघाली तेव्हा मी तिच्या डोक्याकडे बघत चाललो. डोकं हललं नाही. उजवा टेकला, डावा टेकला, मान एका रेषेत. मला नाचावंसं वाटलं, पण या घोडीपायी नाचणं आधीच पुरे झालं होतं.

दिवाळीत मेव्हण्याच्या घरी सगळे जमले होते. मामाजी भिंतीला टेकून बसले होते, भोवती पाहुणे. कोणीतरी घोडीचं विचारलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन हळूच उठत होतो.

"घोडी ना?" मामाजी मोठ्याने म्हणाले. "अवो, म्या तिची चाल पाहूनच ओळखलं. म्हटलं, हे बैलवाल्याचं काम नाई, इले घोड्याचा नालबंद पाह्यजे. सारा जिल्हा पालथा घातला, तवा सिंदीत एक मानूस सापडला. मीच घेऊन गेलतो. फेटा बांधून गेलतो!"

पाहुणे वाहवा करू लागले. मी ग्लास घेऊन अर्धा उठलेला, तसाच.

"अन् हे आमचे जवाईबापू," मामाजींनी माझ्याकडे बोट केलं, "म्हनत होते, काय गरज हाय नालबंद बदलाची? शनवार हाय, अमावास्या हाय. घोडीले जुलाब लागले म्हने! सांगा, होते का नाई म्हनत?"

सगळे हसले. मी जन्माचा थापाड्या, पण एवढी रुंद, पक्क्या पायाची, निम्मी खऱ्या शब्दांनी बांधलेली थाप मला कधी जमली नव्हती. मामाजी माझ्याकडे बघत होते, हसत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात बायको लाटणं हातात घेऊन उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. घोडी अजून मामाजींच्याच गोठ्यात होती, आणि रोज पहाटे तिला शेतात चालवत होते तेही तेच.

"होतो ना मामाजी," मी म्हटलं. "तुमी होते म्हनून घोडी उभी हाय."

"बसा मंग," मामाजी म्हणाले. "उभे काऊन?"

मी बसलो. आता प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्याला ही गोष्ट होते, दर वेळी थोडी वाढून. परवाच्या तेराव्याला तर त्या गोष्टीत मी घोडी विकायलाही काढली होती, आणि मामाजींनी माझ्या हातून दोर हिसकला. मी मान डोलावतो.